प्रार्थना संपल्यावरची दहा मिनिटे

गावोगावच्या भजनी मंडळांचे आणि श्रीगुरुदेव सेवा मंडळांचे सेवक, विहार, मशीद व चर्चमधून आलेली मंडळी, आशाताई आणि बंधू-भगिनींनो,



इथून, तळेगाव श्यामजी पंतहून, महामार्गाने अमरावतीकडे निघाले की गुरुकुंज मोझरी लागते. १९४२ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी इंग्रजांविरुद्ध पेटून उठलेली आष्टी तर इथून जवळच. त्याच महाराजांनी ‘ग्रामगीते’त आरोग्यासाठी स्वतंत्र अध्याय लिहिला. गाडगेबाबा आधी गाव झाडत, मग रात्री कीर्तनाला उभे राहत. तेव्हा देवाच्या दारी आरोग्याचे बोलणे आपल्या मुलखाला नवे नाही. आपण ते मधल्या काळात सोडून दिले, याची मला खंत वाटते.

कुष्ठरोगाचेच पाहा. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला रुग्णसेवा मांडली. सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरुग्ण परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालिश केली. आज सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. सहा महिने किंवा वर्षभर घेतले की रोग बरा होतो. तरीही अंगावरचा बधिर चट्टा माणूस पदराआड, बाहीआड लपवतो, आणि तेवढ्यात बोटे वाकतात. लाजेवर गोळी नाही. ज्यांच्या मांडीला मांडी लावून आपण रोज प्रार्थनेला बसतो, त्यांनी “चल, मी येतो तुझ्यासोबत” म्हटले, तरच ती लाज जाते. क्षयाचे तेच, दारूचेही तेच. आई-बापांकडून मुलांत येणाऱ्या सिकलसेलचे तर सोयरीक जुळवण्याआधीच विचारले पाहिजे: दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याचा धोका चारात एक.

एक मात्र स्पष्ट सांगतो. अंगारा लावून औषध बंद करायला सांगणाऱ्याला आपल्या मंडळात जागा नसावी. आजार म्हणजे पापाचे फळ, असे कुणी कीर्तनात म्हणाले तर तिथेच थांबवावे.

मोठमोठ्या शिबिरांचा मला फारसा भरवसा वाटत नाही. मांडव उतरला की सारे विसरले जाते. आठवड्यातून एकदा प्रार्थनेनंतर दहा मिनिटे आशाताईंना आरोग्याचे बोलायला द्या, एवढेच मागणे आहे. बाहेर टेबल मांडले आहे. जेवायला जाण्याआधी प्रत्येक मंडळाने आपले गाव, प्रार्थनेची वेळ आणि ठरवलेला वार तिथे लिहून द्यावा.

जय गुरुदेव!