कपाटाचं दार



कॉम्प्युटरवर बोल म्हणाला होतात. मी कपाटाच्या दारावर बोलते. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. आपल्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर. तेव्हा घट्ट बसवलेलं दार पावसाळ्यात अडतंच. मग त्यावर रंधा मारायचा, की पुढच्या उन्हाळ्यात फट! म्हणून सागवानी चौकटीला खाच पाडून मधली फळी मी त्यात मोकळी सोडली. फेव्हिकॉल फक्त चौकटीच्या सांध्यांना. दोन दारांमध्ये ३ मिलिमीटर जागा ठेवली. आईची बोटं संधिवातानं वाकलीत. साडी काढायलाही तिला कुणाला तरी हाक मारावी लागे. यंदा भर श्रावणात तिनं एकटीनं दार उघडलं. पाहुणे म्हणतात, त्या फटीवर पट्टी मार. मी मारणार नाही.