प्रोटॉन हलला की नाही?

एमएस्सीला माझा अख्खा प्रोजेक्ट एका हायड्रोजनवर अडला होता. एक कार्बोक्झिलिक आम्ल आणि पिरिडीन जातीचं एक संयुग इथेनॉलमध्ये विरघळवलं, सुयांसारखे स्फटिक मिळाले. आता आम्लाचा प्रोटॉन नायट्रोजनकडे गेला असेल तर ते सॉल्ट, नसेल तर को-क्रिस्टल. हायड्रोजन बंध दोन्हीकडे असतोच! औषधवाल्यांना मात्र हा फरक फार महत्त्वाचा, कारण सॉल्ट झालं की विद्राव्यता बऱ्याचदा बदलते.

पीकेएचा फरक ३ च्या वर असला की सहसा सॉल्ट. माझा दीडच्या आसपास, म्हणजे अधांतरी. तरी मी सेमिनारच्या स्लाइडवर 'सॉल्ट' ठोकून दिलं.

एक्स-रेला इलेक्ट्रॉन दिसतात, आणि बिचाऱ्या हायड्रोजनकडे एकच. सर म्हणाले, "अरे, कार्बन-ऑक्सिजनची अंतरं बघितलीस का?" प्रोटॉन गेला की दोन्ही अंतरं जवळपास सारखी होतात, साधारण १.२५ अँगस्ट्रॉम. माझी निघाली १.२१ आणि १.३१. पठ्ठ्या जागचा हललाच नव्हता! रात्रीत शीर्षक बदललं.

न्यूट्रॉनने हायड्रोजन नीट दिसतो. ट्रॉम्बेच्या 'ध्रुव' अणुभट्टीवर ती सोय आहे. पण त्याला स्फटिक चांगला मोठा लागतो, आणि माझ्या सुया तर केसाएवढ्या.