दानाचे मोजमाप



दान सत्पात्री असावे, असा दंडक आपल्या पूर्वजांनी घातला. घेणारा पात्र आहे काय, हे त्यांनी पाहिले; त्या दानातून निष्पन्न काय झाले, हा पुढचा प्रश्न आम्ही आज आपणांपुढे ठेवीत आहोत. सार्वजनिक न्यासांचा हिशेब दरसाल तपासला जातो. पैसा योग्य कामी खर्च पडला, एवढी ग्वाही त्यातून मिळते. फळ किती आले, हे जमाखर्चाच्या वहीत नसते.

खर्च कमी ती संस्था उत्तम, असा सर्वसाधारण समज आहे. तो किती फसवा आहे, हे राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात दिसून आले. तेथे 'सेवा मंदिर' या संस्थेच्या साहाय्याने अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी बालकांच्या लसीकरणाचा प्रयोग केला. बॅनर्जी हे मुंबईत जन्मलेले व मातृकुलाने मराठी. या उभयतांस पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी १३४ खेडी चिठ्ठ्या टाकाव्या तशी तीन गटांत वाटली, म्हणजे मुळातच उत्साही गावे एका गटात जमू नयेत. ७४ खेड्यांत नवे काहीच केले नाही. ३० खेड्यांत दरमहा नेमाने शिबिर भरविले. उरलेल्या ३० खेड्यांत शिबिराखेरीज दर लशीमागे एक किलो डाळ आणि सर्व लसी पुऱ्या होताच ताटे दिली.

२०१० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: पूर्ण लसीकरण झालेली बालके पहिल्या गटात शेकडा ६, दुसऱ्यात १८ आणि तिसऱ्यात ३९. डाळ वाटणे ही उधळपट्टी वाटेल. परंतु पूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक बालकामागे नुसत्या शिबिरांत २,२०२ रुपये पडले, तर डाळीसह केवळ १,१०२. कारण उघड आहे. मुले पाच येवोत वा पन्नास, परिचारिकेचा दिवसाचा खर्च तोच!

आता आपल्या शिष्यवृत्त्यांकडे पाहू. किती विद्यार्थ्यांस किती रुपये दिले, हे आपण अभिमानाने छापतो. त्यांपैकी किती जणांनी शिक्षण पुरे केले? निधीअभावी ज्यांस नकार दिला, त्यांचे पुढे काय झाले? तेही तितक्याच संख्येने उत्तीर्ण झाले असतील, तर आपली मदत खरोखर अडलेल्या मुलापर्यंत पोचलीच नाही, असा संशय घेणे भाग आहे.

दान मोजले की पुण्य सरते, असे कोणी म्हणतील. आम्हांस दात्याचे पुण्य मोजावयाचे नाही. घेणाऱ्याचे हित पाहावयाचे आहे. मूठभर विद्यार्थ्यांवरून १३४ खेड्यांइतका पुरावा मिळणार नाही, आणि निराधार वृद्धेस लाभलेला धीर कोष्टकात बसत नाही, हेही आम्ही जाणतो. तथापि विचारपूस करण्यास फारसा पैसा लागत नाही. यास्तव पुढील वर्षापासून अहवालात एक पान मदत मिळालेल्यांच्या आणि न मिळालेल्यांच्याही वाटचालीसाठी राखावे, अशी नम्र सूचना करून आम्ही आपली रजा घेतो.