रंगून ते बँकॉक : नेताजींची परतीची वाट

(नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या जयंतीनिमित्त वलगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



वलगावात उभे राहून नदीविषयी बोलायचे तर पेढीचे नाव प्रथम घ्यावे लागते. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांना अमरावतीकडे नेले जात असताना याच पेढीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. हातात खराटा घेऊन आयुष्यभर पायी हिंडलेल्या त्या महापुरुषामुळे वलगाव महाराष्ट्राला ठाऊक झाले. आजचा विषय मात्र दूरच्या ब्रह्मदेशातील सितांग नदीचा आणि तिच्या काठाने पायी चाललेल्या दुसऱ्या एका महापुरुषाचा आहे.

नेताजींच्या चरित्रातील जाण्याची वाट सर्वांना तोंडपाठ असते. जून १९४० मध्ये फॉरवर्ड ब्लॉकच्या अधिवेशनासाठी ते नागपूरला आले होते. डॉ. हेडगेवार तेव्हा अंतिम आजारात होते. २० जूनला सुभाषबाबू त्यांच्या भेटीस गेले, पण डॉक्टरांना ग्लानी होती. बोलणे होऊ शकले नाही आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गेले, असे डॉक्टरांच्या चरित्रात नोंदलेले आहे. पुढे जानेवारी १९४१ मध्ये कलकत्त्याच्या राहत्या घरातून झालेले पलायन, काबूल, बर्लिन, पाणबुडीचा प्रवास आणि जुलै १९४३ मध्ये सिंगापूर. शाळेतील मुलेही हे रंगवून सांगतात. परतीची वाट मात्र फारसे कोणी सांगत नाही, कारण ती पराभवाची वाट आहे.

१९४५ च्या मार्चमध्ये मेक्टिला आणि मंडाले इंग्रजांच्या हाती पडले. २७ मार्चला आंग सान यांच्या ब्रह्मी सैन्याने जपान्यांवरच शस्त्र उगारले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात इंग्रजांचे रणगाडे रंगूनच्या दिशेने धावत होते. जपानी सेनापतींनी शहर सोडण्याचे ठरविले आणि आझाद हिंद सरकारच्या मंत्र्यांनी नेताजींना निघण्याचा आग्रह धरला. त्यांची निघण्याची तयारी नव्हती. ते अडून बसले दोन गोष्टींसाठी.

पहिली गोष्ट रंगूनमधील हिंदी वस्तीची. १९४२ मध्ये इंग्रज रंगून सोडून गेले, तेव्हा शहरात लूट आणि जाळपोळ माजली होती, आणि लक्षावधी हिंदी माणसे आसामच्या दिशेने डोंगर तुडवीत निघाली होती. त्यांतील हजारो वाटेतच मेली. तसे पुन्हा घडू नये म्हणून नेताजींनी मेजर जनरल लोगनाथन यांच्या हाताखाली पाच-सहा हजार सैनिक रंगूनमध्ये मागे ठेवले. हे सैनिक कैदेत पडणार, हे ठेवणाऱ्यालाही ठाऊक होते आणि राहणाऱ्यांनाही. ३ मेच्या सुमारास इंग्रज सैन्य रंगूनमध्ये उतरेपर्यंत शहराची राखण याच सैनिकांनी केली आणि तीन वर्षांपूर्वीची लूट पुन्हा झाली नाही.

दुसरी गोष्ट झाशीची राणी पलटणीतील मुलींची. आपल्या मराठी मुलुखाच्या मनूताई तांब्यांचे, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंचे नाव लावलेल्या या पलटणीचे शिबिर २२ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात सुरू झाले. तिच्यातील बहुतेक मुली मलायातील तमिळ कुटुंबांतल्या, पुष्कळशा रबराच्या मळ्यांतील मजुरांच्या घरच्या. हिंदुस्थान कित्येकींनी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. रंगूनहून आधी पाठविलेल्या एका तुकडीच्या गाडीवर हल्ला होऊन स्टेला आणि जोसेफिन या दोन मुली धारातीर्थी पडल्या होत्या. उरलेल्या सुमारे शंभर मुलींना वाहने मिळाल्याशिवाय आपण हलणार नाही, असे नेताजींनी जपान्यांना स्पष्ट बजावले. अखेर काही मालमोटारी मिळाल्या आणि २४ एप्रिलच्या रात्री हा तांडा निघाला.

रंगून ते मौलमीन हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. शांततेच्या काळात एका दिवसाचा रेल्वेप्रवास! पण आकाश शत्रूच्या विमानांचे होते. म्हणून दिवसा झाडीत किंवा एखाद्या खेड्याच्या आडोशाला पडून राहायचे आणि अंधार पडला की दिवे विझवून चालू लागायचे. रस्ते बाँबने उखडलेले, पूल पडलेले. पेगूच्या पुढे वाव नावाची नदी आडवी आली. चिखल म्हणजे काय, हे वऱ्हाडच्या काळ्या मातीतील माणसाला सांगायला नको. भर पावसाळ्यात रुतलेली बैलगाडी चाकाला खांदा लावून काढताना काय होते, ते ज्याने अनुभवले आहे, त्याने तेथे मालमोटारी आहेत एवढेच मनात आणावे. काही वाहने काठावरच्या गाळात गेली ती गेलीच. मुली पाण्यात उतरून पैलतीरी गेल्या.

त्यानंतर सितांग. या नदीचा इतिहास थोडा सांगावा लागेल, त्याशिवाय त्या रात्रीचे मोल कळणार नाही. तीन वर्षांपूर्वी, २३ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे, मागे हटणाऱ्या इंग्रजी सैन्याने सितांगवरचा रेल्वेपूल सुरुंगाने उडवून दिला. जपानी जवळ आले होते आणि पूल त्यांच्या हाती पडण्याचे भय होते, हे खरे. पण सतराव्या हिंदी डिव्हिजनच्या तीन ब्रिगेडपैकी दोन अजून पलीकडच्या तीरावर होत्या! त्यांत हिंदी आणि गुरखा सैनिकांचा भरणा होता. बांबू बांधून, बूट आणि बंदुका टाकून त्यांनी त्या ओढीच्या पाण्यात उड्या घेतल्या. कितीतरी बुडाले. तो निर्णय लष्करी दृष्ट्या योग्य होता की नव्हता, याचा वाद इंग्रज लेखकांतही झाला आहे. आपण एवढेच पाहावे, की पूल उडविण्याची आज्ञा सुटली तेव्हा ती देणारे सुरक्षित तीरावर होते.

१९४५ च्या एप्रिलअखेरीस त्याच नदीवर पूल नव्हता, होते ते मोजके तराफे आणि नावा. काठावर माघार घेणाऱ्या जपानी सैन्याची गर्दी, मागे रणगाडे, आणि उजाडले की विमाने येणार. जपानी संपर्क अधिकारी जनरल इसोदा यांनी नेताजींना विनविले, की आपण प्रथम पार व्हावे. एका राष्ट्राच्या सरकारप्रमुखाने तसे केले असते तर कोणी दोष दिला नसता. ब्रह्मदेशाचे प्रमुख बा माव अगोदरच निघून गेले होते. नेताजींनी ठाम नकार दिला. आधी मुली, मग इतर. शेवटची मुलगी नावेत बसेपर्यंत ते काठावरून हलले नाहीत.

नदीपलीकडे वाहने जवळजवळ उरली नव्हती. पायी निघायचे ठरले. या कूचाचे आधिपत्य नेताजींनी मेजर जनरल झमान कियानी यांच्याकडे दिले आणि स्वतः त्यांच्या आज्ञेत चालू लागले. हेच कियानी पुढे पाकिस्तानात गेले, पण त्या रात्री तो प्रश्न कोणाच्या मनात नव्हता. एका रात्रीत दहा मैल, म्हणजे वलगावहून अमरावतीला जाऊन परत यावे एवढे. पाठीवर सामान, अंगावर ओले कपडे, पोटात अन्न असेल-नसेल. इसोदांनी नेताजींसाठी मोटार मिळवून आणली. मुली चालत असताना आपण बसणार नाही, असे सांगून त्यांनी ती परत पाठविली. एका मुक्कामावर त्यांनी बूट काढले, तेव्हा तळपाय फोडांनी भरलेले होते. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मंडालेच्या तुरुंगात आणि नंतरही प्रकृतीने खचलेला हा माणूस, दुसऱ्या रात्री पुन्हा चालायला उभा राहिला. वाटेत विमानांच्या माऱ्यात एक तरुण अधिकारी कामी आला.

मार्तबानला साल्विनचे विशाल मुख ओलांडून मंडळी मौलमीनला पोहोचली. तेथून पुढे सयाममध्ये नेणारा रेल्वेमार्ग होता, जो जगाला मृत्यूचा रेल्वेमार्ग म्हणून ठाऊक आहे. १९४२-४३ मध्ये जपान्यांनी तो ४१५ किलोमीटरचा मार्ग जंगलातून काढला. त्या कामात बारा हजारांवर युद्धकैदी मेले आणि आशियाई मजूर तर त्याच्या कितीतरी पट. त्या मजुरांत मलायाच्या मळ्यांतून फसवून आणि पकडून नेलेले तमिळ फार होते. म्हणजे ज्या घरांतून या मुली पलटणीत आल्या, तशाच घरांतील माणसांच्या हाडांवरून त्यांची मालगाडी चालली होती. जपानशी केलेल्या मैत्रीची ही किंमत नेताजींच्या भक्तांनीही नजरेआड करू नये. पराधीन राष्ट्राला मित्र निवडण्याची मुभा फारशी नसते, हे मान्य करूनही तिचा उच्चार व्हायला हवा. त्या गाड्याही रात्रीच धावत आणि दिवसा झाडीत लपवून ठेवल्या जात.

मे महिन्याच्या मध्यास, निघाल्यापासून सुमारे तीन आठवड्यांनी, मंडळी बँकॉकला पोहोचली. शंभर मुली सुखरूप आणल्या गेल्या आणि पुढे मलायातील त्यांच्या घरी पोहोचत्या झाल्या. त्यानंतर तीन महिन्यांत जपान शरण गेला. १८ ऑगस्ट १९४५ च्या तैपेईच्या विमान अपघाताच्या वार्तेवर आपल्याकडे शाहनवाज, खोसला आणि मुखर्जी अशा तीन चौकश्या झाल्या, पुस्तकांचे ढीग पडले. नेताजी कसे गेले, यावर आपण तीन पिढ्या भांडलो. या तीन आठवड्यांवर मराठीत त्याच्या दशांशही लिहिले गेलेले नाही.

त्या वाटेवर मुलींचे नेतृत्व करणाऱ्या क्वालालंपूरच्या जानकी थेवर तेव्हा अवघ्या विशीच्या होत्या. पुढे त्या मलायातील हिंदी समाजाच्या राजकारणात आणि सेवाकार्यात वावरल्या. भारत सरकारने २००० साली त्यांना पद्मश्री दिली. २०१४ च्या मे महिन्यात त्या वारल्या. नेताजी काठावर उभे होते आणि आम्ही नावेत होतो, ही आठवण सांगू शकणारी माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत.