प्रतिकृतीतील अणू

छावणीतील श्रोत्यांना पैठणचा नाथसागर नवा नाही. असे धरण बांधण्यापूर्वी खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात त्याची लहान प्रतिकृती करून पाणी सोडून पाहता येते. क्वांटम सिम्युलेटर ही अशीच प्रतिकृती. पाण्याच्या जागी अतिशीत अणू आणि त्यांना धरून ठेवणारे लेसरकिरणांचे जाळे. ही कल्पना रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये मांडली. दोन अवस्थांचे १० कण असतील तर १,०२४ संख्या सांभाळाव्या लागतात. ५० कण झाले की १० कोटी कोटींहून अधिक! तेथे महासंगणकही थकतो. अणूंना गणित करावेच लागत नाही, ते तसे वागतातच. अतिवाहकतेची कोडी अशी तपासता येतात. नेहमीच्या तापमानात वीज न गमावता वाहून नेणाऱ्या पदार्थाचे मोल मराठवाड्यास काय सांगावे?

सी-डॅकच्या सहभागाने २०२१ मध्ये आलेले ‘क्यूसिम’ निराळे. ते साध्या संगणकावर क्वांटम संगणकाचे सोंग वठविते. शिकण्यास उत्तम, पण थकण्याची मर्यादा तीच. खऱ्या प्रतिकृतीस लागणाऱ्या अतिशीत अणूंवर पुण्याच्या आयसरमध्ये काम चालते. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम अभियानास ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर झाले. पैसा आला, वर्षानुवर्षे लेसर जुळवीत बसणारी मुले कोठून यावयाची? घरातील हुशार मुलीने भौतिकशास्त्र घेते म्हटले, की पहिला विरोध आपलाच असतो.