नाकाचें जुनें दुखणें : आटोक्यांत आहे कीं नाहीं?



कोऱ्हाळे बुद्रुकच्या उसाच्या पट्ट्यांतील एखाद्या बागायतदारास 'नाक कसें आहे?' असें विचारावें, तर 'बरें आहे' हेंच उत्तर बहुधा मिळेल. नाक चोंदलेलें असावयाचेंच, असा त्याचा ग्रह झालेला असतो. परंतु शेजारीं गुऱ्हाळ पेटलें असतां गुळाचा दरवळ त्यास येत नाहीं, आणि घरांत फोडणी जळाली तरी कळत नाहीं. मग हें 'बरें' कोणतें?

नाक व त्याभोंवतीच्या हाडांतील पोकळ्या, म्हणजे सायनस, यांची सूज १२ आठवडे वा अधिक टिकली म्हणजे ती जुनी समजतात. हें दुखणें पुष्कळदां समूळ जात नाहीं. दम्याप्रमाणें आटोक्यांत ठेवावें लागतें. हा आटोका पारखण्याची एक रीत युरोपांतील तज्ज्ञांनीं २०१२ सालीं मांडली व २०२० सालीं सुधारली. गेल्या महिन्याचा हिशेब घ्यावयाचा : नाक चोंदणें, शेंबूड किंवा घशांत उतरणारा कफ, चेहऱ्याचा ठणका वा जडपणा, वास मंदावणें, झोपमोड वा थकवा. सोय असेल तेथें दुर्बिणीनें नाकांत पाहावयाचें. यांपैकीं एखाददुसरें उणें असेल तर रोग अर्धवट आटोक्यांत. तीन वा अधिक असतील तर तो मोकाट आहे.

आणखी एक प्रश्न आहे, आणि खरी मेख तेथेंच आहे : मागील सहा महिन्यांत तातडीचें औषध किती वेळां घ्यावें लागलें? स्टेरॉइडच्या गोळ्यांनीं चार दिवसांत नाक मोकळें होतें, वासही परततो, आणि रोगी त्याच दिवसांचें वर्णन डॉक्टरांस ऐकवितो. गोळ्या संपल्या कीं कांहीं आठवड्यांत पूर्वस्थिति. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानांतून पुन्हां पुन्हां आणलेल्या ह्याच गोळ्या रक्तांतील साखर चढवितात व हाडें ठिसूळ करितात. नाकांतील फवाऱ्याची गोष्ट निराळी; तो रोज घ्यावयाचा असतो, आणि नेमका तोच 'गुण येत नाहीं' म्हणून आठ दिवसांत फडताळांत जातो.

बारामतीस डॉक्टरांकडे जातांना रोग्यानें कारभारणीस बरोबर न्यावें. रात्रीं तोंड उघडें टाकून तो किती घोरतो, कितीदां उठून बसतो, आणि गोळ्यांचीं पाकिटें कोठें ठेवतो, हें तिलाच ठाऊक असतें.