नळाला पाणी, वहीत हिशेब



टाकी बांधली, घरोघरी नळ आले आणि काही वर्षांत हंडा पुन्हा डोक्यावर आला, अशी गावं आपण पाहिली आहेत. दर वेळी विहीर आटलेली नसते. कधी वीजबिल थकून मोटार बंद पडते, कधी गळती काढायला पैसे नसतात. पाणी असतं, कारभार नसतो.

सातारा जिल्ह्यात कराडला लागून मलकापूर आहे. तिथल्या नगरपंचायतीनं चोवीस तास पाणी द्यायचं ठरवलं. वाटेल, केवढी उधळपट्टी! पण तिथं नळांना मीटर बसवले आणि वापर वाढेल तसा दर चढता ठेवला. पाणी केव्हाही मिळतं म्हटल्यावर पिंपं भरून ठेवायला नको, शिळं म्हणून ओतायलाही नको. शिवाय पाइप सतत भरलेला असला की बाहेरची घाण आत शिरत नाही. रिकाम्या पाइपात ती फुटक्या जागेतून ओढली जाते आणि मग घरात जुलाब, कावीळ.

आपल्याकडे मीटर उद्या येणार नाहीत; हिशेब मात्र आजच मागता येतो. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज किमान 55 लिटर पाणी धरलं आहे. गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका हव्यात, आणि पाणी तपासायला गावातल्या पाच जणींना शिकवायचं आहे. तेव्हा नाव आपलं आणि कारभार घरधन्याचा, असं चालू द्यायचं नाही.

गटात आपण दर महिन्याला वही उघडतो. जमा किती, कर्ज कुणाकडे, सगळ्यांसमोर वाचतो. पाण्यालाही तीच रीत लावू या. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत विचारू या: पाणीपट्टी किती जमली? थकबाकीत मोठी घरं किती? वीजबिल भरलं का? टीसीएल पावडर रोज पडते का? पाणी तपासणीचा निकाल काय? उत्तरं इतिवृत्तात लिहून घेऊ या.

आपली पाणीपट्टीही वेळेवर भरू या. एखादी एकटी, मजुरीवर जगणारी बाई भरू शकत नसेल, तर तिच्यासाठी हप्ते किंवा सवलत ग्रामसभेत उघडपणे मागू या. तिचा नळ तोडायचा आणि ऐपतदाराची बाकी लपवायची, हा न्याय नव्हे.

पुढच्या महिला सभेची तारीख ग्रामपंचायतीत विचारून ठेवा. येताना वही-पेन आणा, आणि शेजारणीलाही घेऊन या.